लोकॉस्ट सेव्हनचं सस्पेन्शन काम, लातूर (प्रकल्प नोंदी)

८ डिसेंबर २०२४, रविवार

गाडी कोणती ते एकदाच लिहून टाकतो म्हणजे पुढं सारखं सांगायची भानगड नको. लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची लोकॉस्ट टाइप (स्वस्तात घरी जोडायची) किट आहे, चौकोनी पाइपची चासी, पुढं डबल विशबोन (दर चाकाला वरखाली दोन त्रिकोणी हात), मागं लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर), तो चार ट्रेलिंग लिंक (पुढंमागं धरणाऱ्या दांड्या) अन् एका पॅनहार्ड रॉडवर (आडवं सरकू न देणारा दांडा). मूळ सेव्हन लोटसच्या कॉलिन चॅपमनची, १९५७ ची, नंतर १९७३ ला कॅटरहॅमनं हक्क घेतले अन् ते अजून बनवायलेत. आपल्याकडचं इंजिन, गिअरबॉक्स अन् मागचा ॲक्सल तिन्ही मारुती व्हर्साचे, कारण १३०० सीसी १६ व्हॉल्व्ह अन् रिअर व्हील ड्राइव्ह एकाच गाडीत अन् तेही भंगारच्या भावात दुसरीकडं कुठं मिळणार. पुण्याकडच्या एका भावाकडून अर्धवट जोडलेली घेतली होती, इंजिन गेल्या उन्हाळ्यात चालू झालं, आता राहिलंय ते सस्पेन्शन.

रोडवर न्यायची नाही हे पण सांगून ठेवतो. घरी जोडलेल्या गाडीला पासिंग पाहिजे तर केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२६ खाली एआरएआयसारख्या संस्थेकडून टाइप ॲप्रूव्हल (मॉडेल तपासून दिलेली मंजुरी) लागतं, एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार. म्हणून ओळखीच्यांचा गावाबाहेर एक एनए लेआउट आहे, प्लॉट विकले गेलेत पण घरं नाहीत, आतले डांबरी रस्ते मोकळे पडलेत, परवानगी काढून तिथं चालवतो. रस्ते दिसायला सरळ पण खाली काळी माती. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात भेगा पडून बसती, त्यामुळं डांबर खड्डा न पडताच लाटा लाटांचं झालंय. कारमधनं जाताना कळत पण नाही, या गाडीत मात्र ६० च्या वर गेलं की पुढचं टोक हलकं पडतं, स्टीअरिंग हातात रिकामं लागतं अन् मागं आरपीएम एकदम वर उडतो, म्हणजे चाक जमीन सोडायलंय.

रोल बारला (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) मोबाइल बांधून पुढच्या चाकाचा व्हिडिओ काढला. उघडं चाक असल्याचा हा फायदा, सगळं दिसतंय. स्लो करून बघितलं तर लाटेच्या उतारावर टायरच्या खालून ऊन दिसतंय. चक्क ऊन. सावली अन् टायर यांच्यात फट.

ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला, शॉकअप अजून कडक टाक. मला पटत नाही, पण आधी मोजतो मग बोलतो.

१५ डिसेंबर

मोंढ्यातल्या अण्णांच्या आडतीवरनं चार इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणले, रविवारी मोंढा बंद असतो म्हणून मिळाले, संध्याकाळपर्यंत परत पाहिजेत ही अट. काटे ३०० किलोचे, आपल्याला एका चाकाला तेवढे भरपूर. चारही काटे एका पातळीत पाहिजेत नाहीतर सगळे आकडे फुकट, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली, खाली फरशीचे तुकडे अन् पत्रा सारून बसवलं. ड्रायव्हरच्या जागी डीएपीचं ५० किलोचं पोतं अन् तांदळाचा २० किलोचा कट्टा. पोत्याला बेल्ट पण लावला, आतेभाऊ म्हणला हेल्मेट पण घाल की त्याला.

आकडे: पुढं उजवं १५२, पुढं डावं १२८, मागं उजवं १५३, मागं डावं १६७. एकूण ६००, म्हणजे माणसाशिवाय ५३० किलोची गाडी. पुढं २८०, मागं ३२०, चांगलंय. पण तिरपं बघितलं तर पुढचं उजवं अन् मागचं डावं मिळून ३१९, म्हणजे ५३ टक्के. स्टुलाचा एक पाय आखूड असावा तसं गाडी दोन कोपऱ्यांवर उभी आहे. ब्रेक मारला की डावं पुढचं चाक आधी का लॉक व्हायचं ते इथं कळलं, त्याच्यावर वजनच नाही.

मग स्प्रिंगा काढून मोजल्या. काट्यावर स्प्रिंग उभी ठेवून वरून प्रेसनं बरोबर २५ मिमी दाबायची अन् किलो वाचायचे, एवढंच. पुढची १५३ किलो दाखवते म्हणजे ६० न्यूटन प्रति मिमी. मागची ७६ च्या आसपास म्हणजे ३० न्यूटन. हे सगळे बाइकचे मोनोशॉक, जुन्या मालकानं मिळतील ते बसवलेत, पुढच्याचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आतबाहेर जायची लांबी, जेमतेम ५५ मिमी.

१६ डिसेंबर, रात्री

आकडेमोड. ज्याला कंटाळा येतो त्यानं ही नोंद सोडून द्यावी, पण सगळा मुद्दा इथंच आहे.

पुढचा शॉकअप विशबोनवर तिरपा बसलाय, चाक १० मिमी उचललं तर तो ६.५ मिमीच दबतो. म्हणजे मोशन रेशो ०.६५, अन् चाकापाशी स्प्रिंगचा रेट काढताना याचा वर्ग घ्यायचा, ०.४२. त्यामुळं ६० ची स्प्रिंग चाकाला २५ च लागते. पुढच्या एका कोपऱ्यावर १४० किलो, त्यातलं चाक, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालचं २८ किलो धरून वजा केलं तर वर ११२ राहतात. फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते ते, येते २.४ हर्ट्झ. मागं शॉकअप थोडाच तिरपा आहे, तिथं पण २.४५. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार २ च्या अलीकडंपलीकडं, अन् २.४ म्हणजे गुळगुळीत ट्रॅकवरच्या रेसच्या गाडीचा आकडा. आपला ट्रॅक कसला, लाटांचा लेआउट.

आता ते ऊन कुठनं दिसलं ते बघा. ११२ किलो म्हणजे साधारण ११०० न्यूटन, भागिले २५, उत्तर ४३ मिमी. गाडी उभी असताना पुढची स्प्रिंग चाकाच्या हिशोबानं फक्त ४३ मिमी दबलेली आहे. चाकाखालची जमीन पटकन ४३ मिमीपेक्षा जास्त खाली गेली की स्प्रिंगकडं ढकलायला काही उरतच नाही, चाक लटकतं. जड गाडीला तीच स्प्रिंग लावली तर ती जास्त दबून बसेल म्हणून खाली जायला जागा पण जास्त. हलक्या गाडीला कडक स्प्रिंग लावली की पहिलं नुकसान खाली जाण्याचं, त्याला ड्रूप म्हणतात, अन् त्याच्याकडं कोणी बघतच नाही, सगळ्यांचं लक्ष दबण्याकडं.

लोटसवाल्यांनी हे लई आधी ओळखलं होतं. त्यांची १९६२ ची एलान गाडी घ्या, स्प्रिंगा मऊ, चाकाला हालचाल भरपूर, अन् ताबा ठेवायचं काम शॉकअपकडं.

ठरवलं ते असं. पुढं ३५ न्यूटनची स्प्रिंग, फ्रिक्वेन्सी १.८३, ड्रूप ७४ मिमी. मागं १९ ची, फ्रिक्वेन्सी १.९६, ड्रूप ६५. मागची थोडी जास्त मुद्दाम ठेवली, उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो अन् मागच्याला उशिरा, मागचं टोक थोडं जलद हललं तर दोन्ही लवकर एका लयीत येतात अन् गाडी डोलत राहत नाही. मॉरिस ऑली या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये हे शोधून काढलं, अजून तसंच चालू आहे.

मोटरसायकलचे शॉकअप आता बादच. पुढं ९० मिमी स्ट्रोक पाहिजे, मागं १२०. इंग्लंडमध्ये या टाइपच्या गाड्यांसाठी ॲल्युमिनियम बॉडीचे ॲडजस्टेबल शॉकअप तयार मिळतात, चार ऑर्डर केले, बिनस्प्रिंगचे. स्प्रिंगा इथंच वळवून घेतो.

२२ डिसेंबर

एमआयडीसीत मामांच्या लेथवर. मामा दिवसभर डाळ मिलचे शाफ्ट अन् पुली टर्न करतात, आपलं काम चहाच्या वेळात. वरचे ब्रॅकेट नवीन पाहिजेत कारण नवीन शॉकअप लांब आहेत. ६ मिमी प्लेट, दोन्ही बाजूनं धरणारे, बोल्ट एम १२, ८.८ ग्रेड, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी, हादऱ्यानं सैल न होणारा). एका बाजूला लटकवलेला बोल्ट नको, तो वाकतो, मामांनी न सांगताच दोन कान काढले.

मामांना गाडीची सगळी गोष्ट सांगितली तर म्हणले, "अरे मग ह्यात काय नवीन? रिकामी ट्रॉली उडती, ऊस भरला की गपगार चालती. तुझी गाडी रिकामी ट्रॉली हाय, तिला भरल्या ट्रॉलीचा पाटा कशाला?" मी रात्रभर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो.

स्प्रिंगचं ड्रॉइंग पाठवलं. पुढं ९ मिमी वायर, आतला व्यास ५८, ॲक्टिव्ह वेढे सहा. मागं ८ मिमी वायर, सव्वासात ते साडेसात वेढे. वायर क्रोम सिलिकॉनची. वायरचा व्यास चौथ्या घातात जातो, ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की व्यास बदलायचा नाही.

३० डिसेंबर

येळवस. काम बंद. भज्जी, आंबील, उंडे. शेतात जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची लांबी टेपनं मोजून आलो, दहा फूट, फाळका पाडला तर गाडी बसती. आई म्हणली आजच्या दिवशी तरी टेप खाली ठेव.

१२ जानेवारी २०२५

पार्सल कस्टममध्ये आहे तोवर पॅनहार्ड रॉड अन् बंप स्टीअर उरकून घेतलं.

पॅनहार्ड रॉड एका बाजूला ॲक्सलला अन् दुसऱ्या बाजूला चासीला, ॲक्सल डावीउजवीकडं सरकू नये म्हणून. जुना रॉड चांगलाच तिरपा होता, दोन टोकांत ६० मिमीचा फरक. रॉड कमानीत फिरतो, आडवा असेल तर वरखाली हालचालीत सरक अगदी थोडी, ६०० मिमीच्या रॉडला ६० मिमी हालचालीत ३ मिमी. पण मुळातच तिरपा असला की तेवढ्याच हालचालीत एका दिशेला ९ मिमी सरकतो. आता सस्पेन्शन जास्त हलणार म्हणल्यावर हे चालणार नव्हतं. चासीकडचा ब्रॅकेट ग्राइंडरनं कापला, खाली घेतला, गाडी राइड हाइटला (चाकांवर उभी असतानाच्या उंचीला) ठेवून रॉड आडवा करून टॅक मारले, मग पूर्ण वेल्ड.

बंप स्टीअर, म्हणजे चाक वरखाली होताना आपोआप वळणं, जास्त किचकट. स्प्रिंगा काढून चाकाच्या जागी सपाट पत्रा बोल्ट केला, पत्र्याच्या पुढच्या अन् मागच्या टोकाला डायल गेज, खाली जॅक. ५० मिमी वर, ५० मिमी खाली, दर १० मिमीला वाचन. पत्रा सरळ वरखाली जायला पाहिजे, आपला सगळ्या हालचालीत ६ मिमी वळत होता. म्हणजे लाटेवर चाक वर गेलं की स्टीअरिंग न फिरवता गाडी स्वतःच वळणार. स्टीअरिंगचा रॅक मारुती ८०० चा आहे, त्याच्या टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) आतला सांधा विशबोनच्या पिव्हटांच्या रेषेत पाहिजे, तो खाली होता. रॅकखाली ५ मिमीची पट्टी घातली, वळणं १ मिमीच्या आत आलं. ५ मिमीची पट्टी, बस. पण ती ५ च आहे हे कळायला दुपार गेली.

२ फेब्रुवारी

शॉकअप आले. ड्युटी भरताना तोंड कडू झालं पण माल हातात घेतल्यावर तक्रार नाही. एका नॉबवर क्लिक, तो मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत किती वेगानं उलगडू द्यायची ते.

स्प्रिंगा पण आल्या, पुढच्या दोन्ही २५ मिमीला ८९ अन् ८८ किलो, एकदम मस्त. मागच्या काट्यावर ठेवल्या अन् ४८ यायला पाहिजे तिथं ६०. दुसरी पण ६०. व्हर्निअर लावला, वायर ८ ऐवजी साडेआठ. फोन केला तर म्हणे ८ ची संपली होती, साडेआठ टाकली, अर्ध्या एमएमनं काय फरक पडतो. हा फरक पडतो, २५ टक्के. मी ओरडलो नाही, ड्रॉइंगवरची ओळ वाचून दाखवली फक्त. परत वळवून देतो म्हणला, वाहतूक त्याची.

१६ फेब्रुवारी

बरोबरच्या मागच्या स्प्रिंगा मिळाल्या, मोजल्या, ४८ अन् ४९. बसवायला घेतलं.

विशबोनला रबरी बुशच ठेवलेत. रोझ जॉइंट (धातूच्या गोळ्याचा सांधा) टाक म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं, फोटोत भारी दिसतात ते खरंय, पण इथली काळी धूळ बारीक पिठासारखी आत घुसते अन् एका उन्हाळ्यात सांधे खुळखुळे होतात. मारुतीचे बुश कुठल्याही दुकानात मिळतात. फक्त एक गोष्ट पाळायची, बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, लटकत्या चाकावर आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, ते स्वतःच एक स्प्रिंग होतं अन् लवकर फाटतं पण. सगळे बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवली, पोतं सीटवर टाकलं, चार वेळा दाबून सोडली अन् मग खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंचनं ८० न्यूटन मीटर. पाठ कामातून गेली.

बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना आपटू नये म्हणूनचे ठोकळे) २५ मिमीचे, फोमसारखे मऊ पॉलियुरेथेनचे. कडक रबराचे मिळतात ते नको, त्याच्यावर आपटलं की एकदम दगड.

२३ फेब्रुवारी

परत मोंढ्याचे काटे. तुरीची आवक चालू आहे, अण्णांनी काटे देताना लई वेळ माझ्याकडं बघितलं.

शॉकअपवरची कॉलर फिरवून तिरपं वजन जुळवायचं. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते असं अर्ध्या गावाला वाटतं, स्प्रिंग तेवढीच राहते, त्या कोपऱ्याची उंची अन् वाटणी बदलते. पुढची उजवी थोडी सैल, पुढची डावी तेवढीच घट्ट, मागं उलटं, दर वेळी गाडी पुढंमागं ढकलून परत काट्यावर.

शेवटी: पुढं उजवं १४२, डावं १३८, मागं उजवं १६३, डावं १५७. तिरपं २९९, म्हणजे ४९.८ टक्के. उजवी बाजू १० किलो जड राहते ती राहणारच, ड्रायव्हर तिकडं बसतो, ते कॉलरनं जात नाही. त्यासाठी बॅटरी हलवावी लागते, ती आधीच डावीकडं आहे.

९ मार्च

टेस्ट. ट्रॉली बांधाला मागं लावली, फाळका पाडला, फळ्या टाकून गाडी आत ढकलली. लेआउटवर पोचेपर्यंत मागं पोरांची वरात.

टायर १७५/७० आर १३, हवा १८ पीएसआय. ही एवढी कमी का म्हणून विचारतात, ५३० किलोच्या गाडीला ३० भरली तर टायर मधल्या पट्टीवरच चालतो. शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय बांधले, किती दबला ते टाय सरकून सांगतो.

सुरुवातीला चारही नॉब पूर्ण मऊवर. ६० ला त्याच लाटेवर गेलो, स्टीअरिंग हातात भरलेलं, पण लाट संपल्यावर गाडी अजून दोन डोल खाते. तीन क्लिक, एक डोल. सहा क्लिक, वर येते अन् तिथंच थांबते. नऊ करून बघितले तर परत जुना ताठपणा, अन् लागोपाठ लाटांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते, कारण रिबाउंड इतका आवळलाय की पुढची लाट येईपर्यंत स्प्रिंग उलगडतच नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, सीटखाली पहिल्यांदा जाणवलं. पुढं सहा, मागं पाच ठेवले.

मग ८० नं. आरपीएम जागेवर. मोबाइलचा व्हिडिओ तिथंच उन्हात डोळे बारीक करून बघितला, चाक लाटेबरोबर खाली जातंय, फट नाही. टाय बघितले, पुढं दबायला ४१ मिमी आहेत त्यातले ३१ वापरले, मागं ५७ पैकी ४४. स्टॉपला कुणी शिवलं नाही.

आतेभाऊ गाडी लांबून बघत होता, म्हणला आधीपेक्षा हळू वाटायली. स्पीड वीसनं जास्त होता.

१६ मार्च

आता वळणात गाडी आधीपेक्षा जास्त कलते, ते होणारच होतं. लगेच सल्ले चालू झालेत, पुढं अँटी रोल बार (दोन्ही चाकं जोडून कल अडवणारा दांडा) टाक. नाही टाकणार. मागचा ॲक्सल अखंड आहे, त्याचे शॉकअप एकमेकांपासून ९०० मिमीवर अन् चाकं १३०० वर, त्यामुळं कलताना मागच्या स्प्रिंगांचा जोर निम्म्याहून कमी लागतो. म्हणजे कल अडवायचं साठ टक्क्यांच्या वर काम आत्ताच पुढची चाकं करायलीत, पुढं अजून बार टाकला तर पुढचे टायर आधी हार मानतील अन् गाडी वळायचीच नाही. टाकायचाच झाला तर मागं, तोही बारीक. त्यासाठी जुन्या मारुतीचा बार भंगारातनं बघून ठेवलाय, १४ मिमीचा, मामांना वाकवता येतो का विचारलं तर म्हणले लग्नसराई झाल्यावर ये, घरात दोन लग्नं आहेत.

तोवर ब्रेक. वजन जुळल्यामुळं डावं चाक आधी लॉक व्हायचं बंद झालंय, पण मागचे ड्रम व्हर्साचे आहेत, ते मूळ सात-आठ माणसं वाहणाऱ्या गाडीचे, या गाडीला जास्तीचे होतात. मागच्या लाइनवर प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह टाकायचाय, ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलून ठेवलाय.